पँट वर घेजो

यवतमाळ
सोमवार, १८ सप्टेंबर २०१७

इंद्रजितभाऊ,

जयभीम. तू बरा असशील असं धरून चालते, कारण विचारायला वाट ठेवली नाहीस. माझा नंबर तू दोन वर्षांपासून बंद करून ठेवला आहेस. शनिवारपासून मी किती वेळा लावला ते मोजलं नाही. शेजारच्या खाटेवाल्यांच्या फोनवरून लावला, तर 'मी ममता' म्हणेपर्यंत तू कट केलास. म्हणून हा कागद. दारव्ह्याहून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सवर आपला फुलसिंग ड्रायव्हर आहे. तो तुला पिंपरीला खोलीवर आणून देईल. निदान त्याच्या तोंडावर दार लावू नकोस.

उर्वशीचे बाबा दवाखान्यात आहेत. माझा नवरा म्हणून तुला त्यांच्याशी घेणंदेणं नसेल तर नसो, पण पहिलीपासून तुझ्या बाकावर बसलेला धम्मदीप म्हणून तरी पुढचं वाच.

शनिवारी ते सदाशिवरावांच्या वावरात फवारणीला गेले होते. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आहे. आत शिरलेला माणूस दिसत नाही, नुसता चायना पंपाचा आवाज फिरताना ऐकू येतो. त्यात तो पंप असा जोरात फेकतो की पाच मिनिटांत माणूस ओलाचिंब. दुपारी तीनच्या सुमाराला आवाज एका जागी थांबला. उकंडाभाऊजी दोन ओळी पलीकडे फवारत होते, ते शोधत गेले तर हे बांधावर पडलेले. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, आणि 'मले काही दिसून नाही राह्यलं' एवढंच म्हणत होते. सदाशिवरावांनीच आपली गाडी काढली आणि आधी दारव्ह्याला, तिथून इथं आणलं. त्यांना मी बोल लावणार नाही.

आपण जन्मभर त्याला औषध म्हणत आलो. मी डॉक्टरांना तेच सांगत होते, सकाळपासून औषध मारत होते म्हणून. ते म्हणाले, बाई, कोणतं विष ते सांगा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. इंजेक्शनांवर इंजेक्शनं चालू आहेत. हात बांधून ठेवले आहेत, कारण भान नाही, सुया उपटून काढतात.

तुझा राग मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिच्या जलदान विधीला तू कामावरून थेट गाडीत बसून आलास. ड्रेनेजमधून वर आलेला माणूस, पायातले बूट बदलायलाही थांबला नाहीस. आणि यांनी अख्ख्या मांडवासमोर तोंड सोडलं. 'कांताबाईचा पोरगा मायच्या कार्यात नालीबूट घालून आला.' लोक हसले. तू भरलं ताट तसंच ठेवून निघून गेलास. भाऊ, त्या दिवशी मीही हसले होते. तू पाहिलं नसशील तर आता सांगून टाकते.

पण यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी फुलसिंगनं तुझं खोकं आणून दिलं. आत नवे कोरे काळे बूट, पार गुडघ्याला लागणारे. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त झाकणाच्या आतून बॉलपेननं लिहिलेलं, 'धम्म्या, पँट वर घेजो.' चष्मा नसल्यामुळं यांना वाचता येईना, मी मोठ्यानं वाचून दाखवलं. धम्म्या ऐकल्यावर हे झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग हसायला लागले. 'पाहा बरं, दोन वर्सानं बोलला तं पँट वर घे म्हणते. जसा काही नाल्याले पूरच आला.'

त्या दिवशी घरात त्या बुटांची किती नावं झाली! तू तिथं गमबूट म्हणतोस. हे म्हणाले, 'गम का बूट, पण आता गम गेला.' सासूबाई लांब जोडे म्हणतात. उर्वशी हत्तीचे पाय म्हणते. नालीबूट मात्र कोणी म्हटलं नाही, यांनी सर्वांना ताकीद दिली होती.

पुढचं लिहायचं राहिलं, सिस्टर बोलावते आहे. तू ये. भांडायला ये हवं तर.

तुझी
ममता


यवतमाळ
बुधवार, २० सप्टेंबर

भाऊ,

फुलसिंग आज सकाळी दवाखान्यात येऊन गेला. म्हणाला, चिठ्ठी दारातच उभ्यानं वाचली, घरात घेतलं, चहा पाजला आणि एकच गोष्ट विचारली. 'त्याच्या पायात बूट व्हते का?'

नव्हते, भाऊ.

बूट खोक्यातच होते. तुला वाटेल तुझी वस्तू नाकारली, तर तसं नाही. यांचं म्हणणं असं की एवढी चांगली चीज चिखलात आणि औषधात कशाला खराब करायची, दसऱ्याला काढू, दीक्षाभूमीला जाताना पावसात कामी येतील. मी म्हटलं, गमबूट घालून कोणी नागपूरला जातं का? तर म्हणे माझ्या इंद्र्यानं पाठवले, मी कुठंही घालीन. तुला माहीत आहे यांचा हट्ट. शनिवारी नेहमीच्या रबरी चपला होत्या, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला तार गुंडाळलेली. बूट घरात फळीवर आहेत. सासूबाईंनी वर फडकं झाकून ठेवलं आहे.

तुझ्या बुटांचा यात काही संबंध नाही. ते मनात आणू नकोस.

यांच्या नाकातोंडात नळी घातली आहे. आता श्वास मशीन घेते. डॉक्टर म्हणतात, विष अंगात बरंच भिनलं आहे, पण माणूस तरुण आहे, चिवट आहे. चिवट शब्दावर मी दोन दिवस काढले. वॉर्डात फवारणीचीच माणसं भरली आहेत. मारेगावकडचे आहेत, घाटंजीकडचे आहेत. काल संध्याकाळी समोरची खाट रिकामी झाली, ती बाई रडलीसुद्धा नाही. पिशवीत ताट-पेला भरत बसली होती.

तू विचारलंस हेच मला पुष्कळ झालं. पण विचारून भागत नाही. ये.

ममता


यवतमाळ
रविवार, २४ सप्टेंबर

भाऊ,

दसऱ्यानंतर सुट्टी मिळेल, हा तुझा निरोप मिळाला. ठेकेदार सोडत नाही म्हणतोस. मग ठेकेदाराला सांग की बहीण मेली, बायको मेली, कोणीही मेलं म्हणून सांग. खोटं बोलायची लाज वाटत असेल तर मी बोलते, मला नंबर दे त्याचा.

काल नळी काढली होती. मी वेड्यासारखी खाली जाऊन सर्वांना चहा वाटला, ओळख ना पाळख. हे बोलले, भाऊ. आवाज फुटत नव्हता, खरखर होती नुसती. मला ओळखलं हातावरून, डोळ्यांनी अजून धूसर दिसतं. उर्वशी कुठं आहे विचारलं. मी म्हटलं, आजीजवळ. मग म्हणाले, 'इंद्र्या आला का?' मी म्हटलं, येऊन राह्यला, गाडीत बसला. एवढं खोटं मी यांच्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले. ते म्हणाले, 'मंग मी जागाच राहतो.' अजून एक गोष्ट बोलले तुझ्याबद्दल, ती तू आलास की सांगेन.

आज पहाटे पुन्हा दम लागला. नळी परत घातली. डॉक्टरांनी या वेळी तरुण म्हटलं नाही, चिवट म्हटलं नाही. बाजूला बोलावून घरी कोण कोण आहे ते विचारलं.

मी तुझ्या पाया पडते. माझ्या मोठ्या भावाकडून आजवर मी काही मागितलं नाही, साडीचोळीसुद्धा नाही. तुझा धम्म्या जागा राहतो म्हणाला, भाऊ. त्याचे डोळे मिटलेले असतात, मशीन वर-खाली होत असते, पण तो तुझ्यासाठी जागा आहे असंच मला वाटतं. तुझा आवाज ऐकला तर काय सांगावं. ही नंदाबाई, इथं फरशी धुते, ती म्हणते एक माणूस असाच बापाच्या हाकेनं परतला. खरं का खोटं ते तिला माहीत. मी आता सगळ्यावर विश्वास ठेवते.

फुलसिंग उद्या पोचेल. त्याच्याच गाडीत बस, त्याला मी सांगून ठेवलं आहे. सीट नसेल तर केबिनमध्ये बस.

ममता


गाव
सोमवार, ९ ऑक्टोबर

भाऊ,

तू कालच फोन केलास आणि आज मी पत्र लिहिते, याचं तुला नवल वाटेल. आता तू फोन उचलतोस, स्वतःहून करतोस, उर्वशीशी रोज बोलतोस. आज सकाळपासून मी तीनदा लावला. तीनही वेळा तू 'बोल ममता' म्हणालास आणि मी पावसाचं विचारलं. तोंडातून निघत नाही. म्हणून लिहिते, आणि फुलसिंगला सांगते की हे उद्या तुझ्या हातातच द्यायचं.

तू अठ्ठावीसला सकाळी आलास. हे सत्तावीसला दुपारी गेले. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलणार नाही. तू खांदा दिलास, उर्वशीला कडेवर घेऊन चाललास, मी पाहिलं. पण शोकसभेत तू उभा राहिलास आणि म्हणालास, 'मी पाठवलेले बूट घातले असते तं आज धम्म्या जित्ता राह्यला असता.' सगळी माणसं माना डोलावत होती. एक उकंडाभाऊजी सोडून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली, ते गप्प बसले. घरी आल्यावर तू बूट पाहायला मागितले. मी म्हटलं, माझ्यानं पाहवत नाहीत, कोणाला तरी देऊन टाकले.

भाऊ, बूट पायात होते.

पोळ्यानंतर पहिल्या फवारणीपासून त्या शनिवारपर्यंत, रोज, तेच बूट पायात होते. पहिल्या पत्रात मी ते लिहिणारच होते, सिस्टरनं हाक मारली म्हणून राहिलं. दुसऱ्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुटलेली चप्पल, तार, फळी, फडकं, दीक्षाभूमी, सगळं मी वॉर्डाच्या पायरीवर बसून रचलं.

का ते सांगते. त्या बुधवारी सकाळी फुलसिंग यायच्या तासभर आधी नंदाबाई फरशी धुत होती. तिच्याही पायात असेच बूट. मी तिला सहज म्हटलं, आमच्या यांनी तर बूटही घातले होते, पँट वर घेतली होती, तरी कसं झालं? ती म्हणाली, 'वर म्हंजे?' मी म्हटलं, गुडघ्याच्या वर दुमडून, मग पाय बुटात. तिनं झाडू टेकवला. म्हणाली, 'अवं बाई, उलटं केलं तुमी. पँट बुटावरून सोडा लागते, बाहेरून. आत उघडा पाय असला तं मांडीवरून सारं पानी बुटात उतरते. प्लास्टिकच्या पन्नीत भरल्यासारखं तिथंच राहते. मी साडी खोचतो का पाहा बरं आत!'

तेव्हा मला तुझ्या चार शब्दांचा अर्थ कळला. पँट वर म्हणजे बुटाच्या वर. तुझ्या अंगावर रोज वरून घाण पाणी पडतं, तू पँट बुटावरून सोडतोस, तुला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. आम्ही वावरातली माणसं. पँट वर घे म्हटलं की आम्ही ती दुमडतो, नाला ओलांडायचा असो की चिखल तुडवायचा असो. मी वाचलं, यांनी दुमडली. दोघांनाही शंका आली नाही.

उकंडाभाऊजींनी बांधावर यांचे बूट ओढून काढले तेव्हा पेला-पेलाभर पांढरं पाणी निघालं. ते मला दारव्ह्याच्या रस्त्यावर गाडीतच म्हणाले होते, मला तेव्हा काही उमजलं नाही. त्यांनाही नाही. त्यांना वाटलं पावसाचं असेल, माती असेल. वीस-पंचवीस दिवस तो माणूस सकाळपासून दुपारपर्यंत त्या पाण्यात पाय बुडवून चालत होता. पायाची कातडी पांढरी पडत होती, बोटांमध्ये फोड येत होते. मी रोज खोबरेल लावत होते. म्हणत होते, नवे बूट आहेत, घामानं होतं, सवय होईल. एक दिवस ते म्हणाले, 'आज नाही घालत वं, पाय लय जळजळ करून राह्यले.' मी म्हटलं, भावानं एवढ्या लांबून पाठवले आणि तुम्हाला जड झाले? ते गुमान घालून गेले. आणि संध्याकाळी मी ते बूट बाहेरून घासून चकचकीत करत होते. आत हात घातला नाही एकदाही.

फुलसिंगनं तुझा प्रश्न विचारला तेव्हा मला दिसलं की 'होते' म्हटलं तर हा माणूस दुसरा प्रश्न विचारणार, पँट कशी होती? आणि मग तू संपलास. एक खाटेवर होता, दुसरा मला घालवायचा नव्हता. म्हणून 'नव्हते' म्हटलं. घरी परतल्यावर बूट मी विळ्यानं चिरले आणि गोठ्यामागं पुरले.

हे खोटं मी मरेपर्यंत सांभाळलं असतं. मला ते जड नव्हतं. तू आयुष्यभर म्हणाला असतास की धम्म्यानं ऐकलं नाही, हट्टी होता, आणि मी हो म्हणत बसले असते. मेलेल्या माणसाच्या नावावर हट्ट लावला याचं त्याला काही वाटलं नसतं. तुझ्यासाठी त्यानं तेवढं केलं असतं.

पण काल तू फोनवर म्हणालास, तुमच्या ड्रेनेजच्या टोळीतल्या पोरांनी मिळून अकरा जोड जमवले. आपल्या गावात आणि तांड्यावर जेवढे फवारणीवाले आहेत त्या सर्वांसाठी. शुक्रवारी फुलसिंगच्या गाडीनं पाठवतो. किती आनंदात होतास! दोन वर्षांत तुझा तो आवाज मी ऐकला नव्हता. आणि शेवटी म्हणालास, 'साऱ्या खोक्यावर लिहून देल्लं, पँट वर घेजा. आता कोणी मरत नाही.'

मी फोन ठेवला आणि चुलीजवळ बसून राहिले. सासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

गावात सर्वांना कळलं आहे. नेमसिंग तांड्यावरून येऊन विचारून गेला, त्याचं माप आठ आहे, मिळेल का? उकंडाभाऊजी काल ओसरीत बसून सर्वांना समजावत होते. 'पँट अशी दुमडाची, गुडघ्याच्या वर, मंग बूट. धम्मदीपले मी पाह्यलं ना घालताना.' त्या शनिवारी यांच्या पायात बूट होते हे त्यांना माहीत आहे, पण दोष ते चायना पंपाला देतात. मी आतून ऐकत होते. तेव्हाच बाहेर जाऊन ओरडायला हवं होतं. गेले नाही. कारण ओरडले असते तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत, आणि तासाभरात ते तुला फोनवर कळलं असतं, दुसऱ्याच्या तोंडून. तुला मीच सांगायचं होतं. त्यात एक दिवस गेला. आज संध्याकाळी मी त्यांना बोलावलं आहे, सगळं सांगणार आहे, बूट कुठं पुरले तेही दाखवणार आहे.

तुला एकच विनंती. खोक्यांवरचं खोड, पण त्या जागी दुसरं काही लिहू नकोस. बुटाच्या वरून लिहिशील, बाहेरून लिहिशील, ते इथं कोण कसं वाचेल सांगता येत नाही. मी बारावी शिकले आहे, भाऊ, तरी मी चुकीचं वाचलं. तू स्वतः ये. ओसरीत बस, स्वतःचे बूट घाल, पँट सोडून दाखव, आणि मग एकेकाच्या पायात तुझ्या हातानं घाल. लोक विचारतील. तू सांग, मीही सांगेन. लिहिणारा तू होतास आणि वाचणारी मी, हे दोघांनी मिळूनच सांगावं लागेल.

त्या दिवशी नळी काढली होती तेव्हा ते तुझ्याबद्दल जे बोलले ते हे होतं. 'इंद्र्याले सांगजो, बूट लय बेस होते. पानी नाही शिरत आत.' मी तेव्हाही गप्प राहिले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, एवढंच एक बरं झालं म्हणते मी.

हे वाचून तुझं काय होईल ते मला दिसतं आहे. रात्रंदिवस दिसतं. न सांगता तू सुखानं जगला असतास आणि मी एकटीनं ते पोटात ठेवलं असतं. पण येत्या शनिवारी सदाशिवरावांच्या वावरात पुन्हा फवारणी आहे, भाऊ. उकंडाभाऊजी जाणार आहेत, आणि त्यांच्या दोन्ही पोरी उर्वशीपेक्षा लहान आहेत.

ममता